डॉक्टरांचा पुढचा ब्रेक

माझी पहिली नोकरी ज्या दवाखान्यात झाली, तिथल्या डॉक्टरांना लोकांच्या दातांपेक्षा स्वतःच्या मोटरसायकलच्या ब्रेकची काळजी जास्त आहे, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. त्यांना ते लागलं. ते म्हणाले, "जास्त नाही. सारखीच."

दवाखाना नाशिकला शरणपूर रोडवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. खाली जिन्याच्या पोटात त्यांची गाडी उभी असायची. काळी, जुनी, शंभर सीसीची टू-स्ट्रोक. नव्वदीच्या मधली वर्षं होती आणि मी नुकतीच डेंटिस्ट होऊन कॉलेजातून बाहेर पडले होते. मुलाखतीला गेले तेव्हा वर खुर्ची रिकामी. डॉक्टर खाली जिन्याखाली उकिडवे बसलेले. तोंडात बघायचा आमचा तो छोटा गोल आरसा असतो ना, तो त्यांनी गाडीच्या पुढच्या चाकामागे सरकवला होता आणि त्यात काहीतरी निरखत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "टॉर्च धरता येते का?"

मी म्हटलं, "येते."

"थोडी डावीकडे. हां. मग सोमवारपासून या."

सोमवारी मी पहिलं काम केलं ते म्हणजे तो आरसा बाजूला काढला. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला आणि सांगितलं, "सर, हा गाडीचा. बाकीचे माणसांचे." त्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं आणि शेवटपर्यंत पाळलं. फक्त एक घोटाळा झाला. गाडीकडे जाताना ते दवाखान्यात ओरडून विचारायचे, "लाल दोरा कुठाय?" एकदा दाढ काढायला आलेल्या एका आजींनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, दाढ काढण्याआधी इथे दोरा बांधतात. त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, कपाटातून दोरा काढला आणि आजींच्या मनगटाला नीट गाठ मारून बांधला. दाढ निघाल्यावर आजी म्हणाल्या, अजिबात दुखलं नाही, दोऱ्यात गुण आहे.

पेशंटशी बोलायची त्यांची वेळ ठरलेली होती. पेशंटचं तोंड उघडं असताना, म्हणजे त्याला उत्तर देणं शक्य नसताना.

"गाडी चालवता? पुढचा ब्रेक वापरता का?"

पेशंट डोळ्यांनीच नाही म्हणायचा.

"वाटलंच मला. का? डोक्यावर पडाल म्हणून?"

नाशिकमध्ये त्या काळी बहुतेकांचा तोच समज होता. पुढचा ब्रेक म्हणजे हँडलला लावलेली शोभेची वस्तू. थांबायचं ते मागच्या चाकाने. ही समजूत काढून टाकायची डॉक्टरांनी जणू शपथ घेतली होती. खुर्चीखाली पायाने दाबायचा पेडल होता. तो दाबून ते पेशंटला आडवा करायचे आणि एकदम परत उभा करायचे. पेशंट पुढे झुकायचा. "कळलं? थांबताना सगळं वजन पुढे येतं. मग थांबवणार कोण? पुढचं चाक. मागचं चाक तेव्हा नुसतं हजेरी लावायला असतं." कापसाचे बोळे तोंडात धरून माणसं मान डोलवायची. त्यातल्या किती जणांनी पुढे पुढचा ब्रेक वापरला, देव जाणे. दात मात्र त्यांचे चांगले राहिले. कारण हाताला डॉक्टर फार हलके होते.

डॉक्टर मोटरसायकलच्या शर्यतींत उतरत. इतकं शर्यतीचं वेड असलेला माणूस रस्त्यावर कसा चालवत असेल असं वाटतं. तर भाजीवाल्या बायकासुद्धा त्यांना ओलांडून जायच्या. चौकात सिग्नल पिवळा झाला की ते थांबत. हिरवा झाला तरी आधी दोन्हीकडे बघत. मागून हॉर्न वाजले की हात बाहेर काढून शांतपणे 'जा' अशी खूण करत. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. वहिनींची मोपेड होती आणि त्या रोज संध्याकाळी कॉलेज रोडवर नवऱ्याला मागे टाकून घरी पोचत. वर दारात उभ्या राहून म्हणत, "आलात? मला वाटलं, मुक्काम केलात कुठे."

डॉक्टरांचं म्हणणं होतं, रस्ता हा थांबण्याचा सराव करण्यासाठी असतो आणि पळण्यासाठी ट्रॅक असतो. ट्रॅकवर ते पळतात असं मात्र कोणी म्हणत नसे.

नाशिकला गाड्या पळवणाऱ्यांचं वेड जुनं. आमच्या डॉक्टरांसारख्या हौशी मंडळींचा एक क्लब होता. त्यात बँकेतला एक कारकून, इंजिनियरिंगची दोन-तीन पोरं, सायखेड्याकडचे द्राक्षबागाईतदार, सातपूरच्या कारखान्यातले फिटर आणि एकटे डॉक्टर. सगळे तिशीच्या आतले, डॉक्टर पंचेचाळिशीच्या पुढचे. बाकीचे सगळे इंजिनच्या मागे. कोणी सिलिंडर घासून घेई, कोणी सायलेन्सर बदले. डॉक्टरांनी इंजिनला कधी हात लावला नाही. "पळणं इंजिनचं काम आहे," ते म्हणत, "थांबणं माणसाचं."

हे त्यांना कुठून सुचलं ते मला वहिनींकडून कळलं. दुपारी दवाखाना बंद असताना मी कधी कधी त्यांच्याकडे जेवायला जायची. एकदा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "तुला माहितीये, तुला कामावर का घेतलं?"

मी म्हटलं, "टॉर्च धरता येते म्हणून."

"नाही गं. तू यायच्या आधीच्या वर्षी यांनी मनगट मोडून घेतलं."

शर्यतच होती. डॉक्टरांच्या गाडीला तेव्हा पुढे ड्रम ब्रेक होता, सगळ्यांच्याच गाड्यांना असायचा. दोन-चार फेऱ्यांनंतर तो तापला आणि लांब सरळ रस्त्याच्या शेवटी त्यांनी दाबला तर काहीच झालं नाही. गाडी वळलीच नाही, ती सरळ कांद्याच्या वाफ्यात गेली. उजवं मनगट. दाताच्या डॉक्टरचं उजवं मनगट म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. कित्येक महिने दवाखान्याला कुलूप होतं. वहिनींनी घरी गणिताच्या शिकवण्या घेऊन घर चालवलं. प्लॅस्टर निघालं तेव्हाही बोटं पूर्ववत चालतील की नाही, कोणी खात्रीने सांगत नव्हतं.

"मी तेव्हा भांडले नाही," वहिनी म्हणाल्या. "एवढंच म्हटलं की गाडी सोडा असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही सोडणार नाही आणि वर खोटं बोलाल. पण ती थांबली पाहिजे. ती जिथे थांबवाल तिथे थांबली पाहिजे, एवढं करा."

म्हणजे मला नोकरी मिळाली ती माझ्या गुणांमुळे नाही, त्यांच्या मनगटामुळे. उद्या परत मोडलं तर दवाखान्यात दुसरे दोन हात असावेत म्हणून. पण त्यांनी मला समोरच्या दातांना कधी हात लावू दिला नाही. मागच्या दाढा माझ्या, पुढचे दात त्यांचे. "पुढच्या दाताला माणूस रोज आरशात बघतो," म्हणत. "तिथे चूक झाली की आयुष्यभर आठवण."

नव्वदीच्या शेवटी शेवटी बाजारात पुढे डिस्क ब्रेक असलेल्या काही गाड्या आल्या. चाकाला पोलादी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर, आणि केबलऐवजी नळीतून तेलाचा दाब. डॉक्टर एका शोरूमच्या काचेसमोर इतका वेळ उभे राहिले की आतल्या माणसाने बाहेर येऊन चहा विचारला. नवी गाडी त्यांना नको होती. त्यांना आपल्याच म्हातारीला तो ब्रेक हवा होता.

द्वारका चौकाच्या बाजूला रशीदभाईंचं गॅरेज होतं. मोठ्या पोटाचे, तोंडात कायम सुपारी, आणि नाशकातल्या निम्म्या रेसच्या गाड्यांचं इंजिन आपण बनवलं असं सांगणारे. त्यांना डॉक्टरांचा हा नाद मुळीच पसंत नव्हता. डिस्क बसवायची म्हणजे नुसतं चाक बदलून भागत नव्हतं. पुढचं चाक धरणाऱ्या जुन्या फोर्कला कॅलिपर धरायला जागाच नव्हती. चाक, फोर्क, हँडलवरचा लिव्हर, सगळं पुढचं तोंड दुसऱ्या गाडीचं घ्यावं लागणार होतं.

रशीदभाई म्हणाले, "डाक्टरसाब, एक दाँत के वास्ते पूरा जबडा बदलोगे?"

"जबडाच सडलाय, रशीदभाई," डॉक्टर म्हणाले.

"ब्रेक लगाके आज तक कोई जीता है क्या? इंजिन खोलने दो मेरे को."

"मला जिंकायचं नाही. मला वळणावर पुढे जायचंय."

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू मी या पेशंटची नातेवाईक. मी खांदे उडवले.

मालेगावकडे अपघातात मागून चेपलेली एक गाडी भंगारात आली होती, तिचं पुढचं तोंड शाबूत होतं. डॉक्टर स्वतः जाऊन ते घेऊन आले, एसटीच्या टपावर बांधून. फोर्क बसला. चाक बसलं. कॅलिपर मात्र तबकडीवर तिरका बसत होता. त्याच्यासाठी सातपूरच्या एका ओळखीच्या फिटरने लोखंडाची पट्टी घडवून दिली. पहिली बसली नाही, दुसरी वाकडी झाली, तिसरी लागली. रबरी नळी डॉक्टरांना पसंत नव्हती. ती दाबाने फुगते आणि हाताचा निम्मा जोर नळी फुगवण्यातच जातो, असं ते म्हणत. कारखान्यांच्या यंत्रांना तेलाच्या नळ्या बनवून देणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडून त्यांनी पोलादी जाळीची नळी करून आणली.

एवढं सगळं होऊनही लिव्हर दाबला की स्पंज दाबल्यासारखा आत जायचा. नळीत हवा अडकली होती. रशीदभाईंच्या गॅरेजात लिव्हर दाबून दाबून हवा काढायचा दिवसभर प्रयत्न झाला. शेवटी डॉक्टरांनी गाडी परत जिन्याखाली आणली आणि मला हाक मारली.

"अगं, ती दाढेची खळगी धुवायची मोठी सिरिंज आण. जुनी आण, लाल दोऱ्याची."

"सिरिंजला दोरा नाहीये, सर."

"मग बांध."

त्यांची युक्ती सोपी होती. हवेचा बुडबुडा वर जातो, तर तेल खालून भरायचं. सिरिंजमध्ये ब्रेकचं तेल घेऊन त्यांनी खाली कॅलिपरकडून हळूहळू वर सोडलं. मी हँडलवरच्या तेलाच्या डबीवर नजर ठेवून उभी. बुडबुडे येऊ लागले. "येतायत," मी म्हणाले. "अजून." आणि मग एक मोठा बुडबुडा आला आणि त्याच्यामागून तेलाची चिळकांडी, माझ्या पांढऱ्या एप्रनवर आणि गाडीच्या टाकीवर. एप्रन धुऊन निघाला. टाकीचा काळा रंग मात्र उन्हात सोललेल्या कातडीसारखा निघून आला. ते तेल रंग खातं, हे डॉक्टरांना माहीत होतं. पण त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. लिव्हर दाबला. तो दगडासारखा घट्ट होता. ते बराच वेळ नुसते दाबत आणि सोडत राहिले. पेढा मिळालेल्या माणसाचं तोंड होतं ते.

तेल ज्या स्टीलच्या वाटीत घेतलं होतं, ती वहिनींच्या आमटीची होती. ती परत स्वयंपाकघरात गेली नाही. त्यावर त्या घरात जे बोलणं झालं, तेव्हा मी तिथे नव्हते.

कॅलिपरमधले नवे पॅड तबकडीवर नीट बसायला पुष्कळ वेळा बेताने ब्रेक लावावा लागतो. डॉक्टरांना वाटलं, मागे वजन असेल तर बरं. म्हणून एका सकाळी त्यांनी वहिनींना सोमेश्वरला दर्शनाला नेतो म्हणून मागे बसवलं. वहिनी परत आल्या त्या रिक्षाने.

"दर्शन झालं का?" मी विचारलं.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "यांच्या पाठीचं झालं. गंगापूर रोडला एकही खांब असा नाही की जिथे मी यांच्या पाठीवर आपटले नाही."

त्या हिवाळ्यात सिन्नरच्या बाजूला नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते नुकतेच डांबरी झाले होते आणि कारखाने अजून यायचे होते. क्लबने परवानगी काढून तिथे रविवारची शर्यत ठेवली. वळणांवर लावायला लासलगावहून कांद्याच्या रिकाम्या गोण्या आणल्या आणि त्यात भुसा भरला. डॉक्टरांनी मला प्रथमोपचाराची पेटी घेऊन यायला सांगितलं. या वेळी वहिनीही आल्या. आपल्या आमटीच्या वाटीचं काय झालं ते बघायला, असं म्हणाल्या. आम्ही त्यांच्या जुन्या चारचाकीने गेलो. गाडी त्याच चालवत होत्या. आम्ही लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, पहिल्या वळणाशी उभ्या राहिलो. शेजारी एका चहावाल्याने स्टोव्ह मांडला होता.

सायखेड्याचा संपत तिथे डॉक्टरांच्या गाडीभोवती फिरत होता. पंचविशीतला, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा, त्या वर्षीच्या सगळ्यात वेगवान गाडीचा मालक. त्याचं इंजिन रशीदभाईंनी बनवलं होतं आणि ते स्वतः तिथे येऊन तसं सांगत होते.

"डाक्टर, तबकडी लय भारी हाय," संपत म्हणाला. "थांबायला शिकली गाडी. पळायला कधी शिकनार?"

"तू थांबायला शिकलास की," डॉक्टर म्हणाले आणि हेल्मेट घातलं.

शर्यत सुटली. सरळ रस्त्यावर डॉक्टर हळूहळू मागे पडत गेले, नेहमीसारखे. वळणाआधी विजेचा एक खांब होता. सगळे खांबाशी ब्रेक लावत. डॉक्टर खांब ओलांडून तसेच आले.

"ब्रेक फेल झाला बघा त्यांचा," चहावाला शांतपणे म्हणाला.

वहिनींनी माझा दंड धरला. तेवढ्यात गाडीचं तोंड खाली दबलं, गाडी जणू कोणी मागून ओढून धरल्यासारखी हळू झाली, आणि डॉक्टर दोघांच्या आतून वळून निघून गेले. सरळ रस्त्यावर ते दोघे परत पुढे आले. वळणावर डॉक्टर परत आत. दर फेरीला असंच. दर फेरीला एक तरी गाडी जी मागे राहिली ती मागेच राहिली. चहावाल्याने आता चहा करणं सोडलं होतं. शेवटून दुसऱ्या फेरीला डॉक्टर तिसरे होते. त्यांच्या आयुष्यात ते कधी पाचाच्या आत आलेले नव्हते. त्यांच्यापुढे संपत होता.

संपतला ते मागे ऐकू येत असणार. सरळ रस्त्यावर तो येताना मान वळवून बघत होता. खांब आला आणि त्याने ब्रेक लावला नाही. डॉक्टर लावत नाहीत तोवर मी लावणार नाही, असं त्याने ठरवलं असावं. पण त्याच्याकडे जुनाच ड्रम होता. उशिरा, जिवाच्या आकांताने त्याने तो दाबला. चाक अडकलं, गाडी आडवी झाली आणि रस्त्यावर घसरत गोण्यांत शिरली. संपत रस्त्याच्या मधोमध. आणि त्याच्या मागेच डॉक्टर.

मी डोळे मिटले असते, पण वेळ मिळाला नाही. डॉक्टरांच्या गाडीचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं, तसंच क्षणभर हवेत राहिलं आणि धप्पकन खाली आलं. गाडी संपतच्या डोक्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मागचे बाकीचे दोन्ही बाजूंनी निघून गेले. झेंडेवाला पिवळा झेंडा हलवत धावत आला.

डॉक्टरांनी गाडी स्टँडवर लावली. ती स्टँडवर नीट उभी आहे का ते बघितलं. मग हातमोजे काढून गुडघ्यांवर बसले.

"हलू नकोस. नाव सांग."

"तुमाला म्हाईत हाय की."

"गाव?"

"ते बी म्हाईत हाय."

"शुद्धीवर आहे," डॉक्टर मला म्हणाले. हातपाय, मान, हासळी, सगळं त्यांनी चाचपलं. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. पण हेल्मेट उघड्या तोंडाचं होतं. "तोंड उघड." वरचा समोरचा एक दात मुळापासून गेलेला होता. हिरडीत खडी रुतली होती. "दात कुठाय?"

संपतला काय माहीत. मग डॉक्टर, मी, चहावाला आणि झेंडेवाला असे चौघं रांगत डांबरावर दात शोधू लागलो. पलीकडून शेवटची फेरी मारणाऱ्या गाड्या जात होत्या. दात एका गोणीच्या घडीत सापडला. "मुळाला हात लावू नकोस," डॉक्टर ओरडले. मी तो वरच्या टोकाने उचलला. चहावाल्याकडे पिशवीचं न तापवलेलं दूध होतं. ग्लासभर दुधात दात सोडला. खडी साफ केल्याशिवाय तो तिथेच बसवता येत नव्हता, आणि उशीर झाला तर मग तो जगणार नव्हता.

सिन्नरहून नाशिकपर्यंत वहिनींनी ज्या वेगाने गाडी आणली, तो वेग मी त्यांच्या हातून आधी बघितला नव्हता. डॉक्टर पुढे बसले होते, दोन्ही हातांत दुधाचा ग्लास धरून. मागे मी आणि तोंडात कापूस धरलेला संपत.

"तिसरा होतो मी," डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी गिअर बदलला.

"संपत उजवीकडे पडला असता तर मी दुसरा असतो. मधेच पडला. पडायला एवढा रस्ता होता."

"चुकलं, डाक्टर," संपत कापसातून म्हणाला.

"बोलू नकोस. अगं, पुढे ट्रक आहे. ब्रेक, ब्रेक."

"तुम्ही दूध सांभाळा," वहिनी म्हणाल्या.

दवाखान्यात पोचलो. संपतला खुर्चीत बसवलं, भूल दिली, हिरडी धुतली. डॉक्टरांनी दुधातून दात उचलायला चिमटा पुढे केला आणि तो ग्लासाच्या काठावर वाजू लागला. टिकटिकटिक. त्यांनी हात मागे घेतला, मूठ वळली, उघडली, परत पुढे केला. परत तेच. लिव्हरवर त्या बोटांनी जे धरून ठेवलं होतं, ते अजून सुटत नव्हतं.

त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. "तू बसव."

"सर, पुढचा दात आहे."

"दिसतोय मला. बसव."

मी बसवला. खळगीत दात सरकतो तेव्हा बोटांना एक बारीक अडथळा लागतो आणि मग तो आपली जागा ओळखल्यासारखा आत जातो. तो गेला. शेजारच्या दातांना तारेने बांधला. एवढा वेळ डॉक्टर माझ्या बाजूला उभे राहून माझं नेहमीचं काम करत होते, थुंकी ओढायची नळी आणि टॉर्च धरायचं. आणि न थांबता सूचना देत होते. थोडा डावीकडे. हळू. अगं हळू. तार जास्त ताणू नकोस. मी एकदा म्हटलं, "सर, टॉर्च नीट धरा." मग टॉर्च थोडी डावीकडे सरकली.

भुलेने जड झालेल्या ओठांनी संपतने विचारलं, "डाक्टर, तुमी बाजूनं जाऊ शकले असते ना?"

"जागा नव्हती," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी त्या वळणावर उभी होते. जागा होती. दोन्ही बाजूंनी लोक निघून गेले होते.

काही आठवड्यांनी तार काढायला संपत आला तेव्हा दात घट्ट बसला होता. जिना उतरताना तो जिन्याखालच्या गाडीपाशी रेंगाळला. मग डॉक्टरांकडे न बघता म्हणाला, "माझ्या गाडीला बी असं व्हईल का?"

डॉक्टरांनी नाही म्हणायला हवं होतं, असं रशीदभाईंचं मत पडलं. वहिनींचंही तेच. पण त्यांनी चार रविवार संपतच्या गाडीखाली काढले. तबकडी स्वतःच्यापेक्षा मोठी शोधून आणली, कॅलिपरची पट्टी पहिल्याच खेपेला नीट झाली, आणि हवा काढताना टाकीवर ओलं फडकंसुद्धा टाकलं. खांबापलीकडे कुठे ब्रेक लावायचा, बोटं किती लावायची, लिव्हर आधी हळू आणि मग जोरात कसा दाबायचा, सगळं शिकवलं. संपतकडे पळणारं इंजिन होतंच. आता थांबणारी गाडीही आली. पुढच्या शर्यतीत संपतने वळणावरही डॉक्टरांना मागे टाकलं, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतल्यासारखं झालं.

संपतच्या लग्नाला आम्ही तिघं सायखेड्याला गेलो होतो. स्टेजवर आहेर द्यायच्या ऐवजी डॉक्टरांनी नवरदेवाचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला आणि नखाने दातावर टकटक करून कान लावला. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. नवरी घाबरून बघत होती. "बसलाय," डॉक्टर तिला म्हणाले. "या मॅडमनी बसवलाय. कणीस दाताने सोलू देऊ नका."

पुढे मी स्वतःचा दवाखाना टाकायला सटाण्याला गेले. काही वर्षांनी नव्या गाड्यांना कारखान्यातूनच पुढे डिस्क येऊ लागली. कॉलेजच्या पोरांकडे, दूधवाल्याकडे, कुरिअरवाल्याकडे, सगळ्यांकडे. इतकी वर्षं ज्याचा प्रचार केला ते घडलं म्हणून डॉक्टरांना आनंद व्हायला हवा होता. ते रुसले. "आता काय, कोणीही थांबतो," म्हणाले. शर्यतीत ते मागे मागे जात राहिले. पन्नाशी उलटली होती. सरळ रस्त्यावर सगळे पुढे, वळणावर आता कोणी मागे राहत नव्हतं.

सटाण्याहून मी एका रविवारी मुद्दाम त्यांची शर्यत बघायला आले. तोच सिन्नरचा रस्ता, पण आता बाजूला दोन-तीन कारखान्यांची धुराडी उभी राहिली होती आणि क्लबला इथे पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नव्हती. मी आणि वहिनी त्याच वळणाशी उभ्या होतो. संपत पहिला आला, मग एकामागून एक सगळे आले. रशीदभाई संपतच्या गळ्यात हार घालायला धावले. पोरं गोण्या उचलून टेम्पोत भरू लागली.

"थांबा रे," वहिनी त्यांना म्हणाल्या. "आमचे यायचेत अजून."

पोरांनी हातातली गोणी परत जागेवर ठेवली. सरळ रस्त्याच्या टोकाला एक ठिपका दिसू लागला, मोठा होत गेला. डॉक्टर एकटे येत होते. पुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं, आणि बघणाऱ्यांत आम्ही दोघी आणि गोण्यांची ती पोरं. तरी डोकं टाकीवर टेकवून, पूर्ण वेगात. खांब आला, गेला. ते तसेच आले, आणखी थोडे आले, आता नाही वळणार असं वाटेपर्यंत आले, आणि मग गाडीचं तोंड अलगद दबलं. गाडी वळणाच्या अगदी आतल्या कडेला चिकटून, एका रेषेत, पाणी वळावं तशी वळली आणि निघून गेली.

गोणी उचलणाऱ्या पोरांपैकी एकजण तोंड उघडं टाकून बघत राहिला. वहिनींनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"ब्रेक मात्र छान लावतात हं," त्या म्हणाल्या.